दगडावरून आलेली सरस्वती

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरचे देव खाली उतरतात. आमच्या घाटकोपरच्या घरातल्या देवांत एक जुनी सरस्वती आहे. आजोबांच्या वेळची ती तसबीर. कागद तांबूस झाला आहे, एका कोपऱ्याला ओल लागून डाग पडला आहे, चौकटीचा सोनेरी रंग तर कधीच उडून गेला. आई दर वर्षी काच पुसते आणि विचारते, "काय रे, ही आता काढायची का?" मी दर वर्षी "असू दे" म्हणतो. यंदा मात्र ते 'असू दे' चटकन तोंडातून बाहेर पडेना.

त्याला कारण झाली माझ्या वर्गातली एक मुलगी. शाळेत सरस्वतीपूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून झाली, झेंडूची फुले वाहून झाली आणि फळ्याशेजारी टांगलेल्या तसबिरीकडे पाहत ती मुलगी म्हणाली, "सर, सरस्वती अशीच का? आमच्या वस्तीत अशी कुणीच दिसत नाही." मुले हसली. मी म्हणालो, "अगं, देवी आहे ती." ती गप्प बसली. पण हे उत्तर नव्हे, उत्तर टाळणे आहे, हे तिला कळले आणि मलाही कळले. आयुष्य मास्तरकीत घालवलेल्या माणसाला ते फार बोचते. म्हणून त्या तसबिरीचा आणि तिच्या चित्रकाराचा जरा नीट विचार करावा असे ठरवले. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

शाळेतली आणि आमच्या घरातली, दोन्ही सरस्वती राजा रविवर्म्याच्या. खडकावर बसलेली, दोन हात वीणेवर, उरलेल्या दोहोंत पोथी आणि माळ, जवळ मोर. महाराष्ट्रातल्या घरांना हे चित्र इतके सरावाचे आहे की ते कुणी तरी काढले असेल हेच आपल्या मनात येत नाही. सरस्वती मुळातच अशी दिसते असे आपण धरून चालतो. चित्रकाराला याहून मोठे यश कोणते? आणि याहून मोठी जबाबदारी तरी कोणती?

रविवर्मा १८४८ साली त्रावणकोरातल्या किळिमानूर येथे जन्मला. चौदाव्या वर्षी तो तिरुवनंतपुरमच्या दरबारात आला. तैलरंग ही तेव्हा नवलाची गोष्ट होती आणि ज्यांना ती विद्या येत होती ते ती लपवून ठेवीत. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा, जन्माने डॅनिश पण इंग्लंडात नाव मिळवलेला व्यक्तिचित्रकार दरबारात आला. त्याने या तरुणाला शिकवले नाही. तो रंगवीत असताना पाहू तेवढे दिले. पाहून शिकणारा हा एकलव्य पाच वर्षांत मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवून बसला. पुढे संस्थानिक, दिवाण, गोरे साहेब अशी माणसे रंगवण्यात त्याचा हात बसला. जरीचा काठ, कानातला मोती, गालावर पडलेला उजेड, रेशमाची घडी या गोष्टी त्याने जशा रंगवल्या तशा त्याच्या आधी आपल्याकडे कुणी तैलरंगात रंगवल्या नव्हत्या. तो प्रथम आणि शेवटीही व्यक्तिचित्रकारच होता. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याच्या देवदेवतांचे मर्म कळते.

१८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला पुराणप्रसंगांवर चौदा चित्रे सांगितली. ती पुरी झाली आणि लोकांना पाहावयास ठेवली तेव्हा गर्दी लोटली. पण राजवाड्यातले चित्र किती जणांनी पाहावे? सर टी. माधवराव यांनी त्याला पूर्वीच सुचवले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. त्रावणकोर आणि बडोदा, दोन्ही ठिकाणी दिवाणगिरी केलेले हे माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. रविवर्म्याने चित्रे परदेशी पाठवण्याऐवजी परदेशी यंत्रेच इकडे आणवली. १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू झाला आणि 'शकुंतलाजन्म' हे पहिले चित्र बाहेर पडले. काही काळ हा छापखाना आमच्या घाटकोपरात होता. पुढे १८९९ साली तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आज आमच्या गल्लीत मी ही गोष्ट सांगितली की लोक माझ्याकडे मास्तर थट्टा करीत आहेत अशा नजरेने पाहतात.

हा छापखाना म्हणजे शिळाछाप. त्याची करामत अगदी साधी आहे: तेलाचे आणि पाण्याचे जमत नाही. बव्हेरियातल्या सेनेफेल्डर नावाच्या माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधून काढली. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, त्यावर गोंद आणि आम्लाचा हात फिरवायचा, मग दगड ओला करून शाईचा रूळ चालवायचा. ओल्या भागाला शाई धरत नाही, तेलकट रेघेला धरते. वर कागद ठेवून दाबला की चित्र उलटे उमटते. म्हणून दगडावर ते आधीच उलटे काढावे लागते. आणि हे झाले एका रंगाचे. रंगीत तसबिरीला प्रत्येक रंगाचा दगड निराळा. एकच कागद एकामागून एक अशा कितीतरी दगडांवरून जायचा आणि प्रत्येक वेळी तो नेमका त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तर रंग रेषेबाहेर.

आता आमच्या तसबिरीकडे या. काच काढून मी ती खिडकीशी नेली आणि मुलांच्या भिंगातून पाहिली. देवीचा गाल म्हणजे बारीक ठिपक्यांचा सडा आहे. गुलाबी ठिपके, पिवळे ठिपके, कुठे राखी. एवढे ठिपके कुणी तरी हाताने दगडावर टिपले. मूळ चित्र समोर ठेवून यात पिवळा किती, तांबडा किती, हे नुसत्या नजरेने ठरवणारा तो कारागीर कोण, हे तसबिरीवर लिहिलेले नाही. आणि एक गंमत आढळली. ओठांचा तांबडा रंग रेषेच्या किंचित खाली उतरला आहे, त्यामुळे देवी हसते आहे असे वाटते. लहानपणापासून मला त्या हसण्याचा आधार वाटे. परीक्षेला जाताना मी ते पाहून निघत असे. बडोद्याला मूळ चित्र पाहिले तेव्हा ते हसू मला तिथे दिसले नाही. ते सरकलेल्या कागदाचे देणे होते!

रविवर्म्यावर टीका काही थोडी झाली नाही. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता या सर्वांनी त्याला झोडपले. शकुंतला जमिनीवर पालथी पडून पत्र लिहिते हे निवेदितांना असभ्य वाटले. परक्या तंत्राने रंगवलेल्या या नाटकी बाहुल्या आहेत, यांत भारतीय कल्पनेचा मागमूस नाही, असा एकूण रोख. यातला 'नाटकी' हा आरोप मला मान्य आहे. 'शकुंतलाजन्मा'त मेनका मूल पुढे करते आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवतो. ते पाहताना आता पेटी वाजणार आणि ऋषी पद म्हणणार असेच वाटते. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले होते. त्या पिढीला पुराणे अशीच, पडद्यासमोर आणि दिव्यांच्या उजेडात दिसत होती. रविवर्म्याचे पुरुष बहुधा नटच राहिले.

पण स्त्रिया आणि देवता तशा नाहीत, आणि इथे टीकाकारांची चूक झाली असे मला वाटते. सरस्वती काही अभिनय करीत नाही. ती बसली आहे. व्यक्तिचित्राला बसावे तशी, शांत, आपल्याकडे तोंड करून. मूर्तीत देव असतो. या चित्रात कुणी तरी समोर आहे असे वाटते. एखाद्या राणीला जो मान द्यावा तो त्याने देवीला दिला आणि ती राणी शिळाछापावरून चाळीतल्या खोलीत पाठवली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर खिळा होता. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून देवांची चित्रे छापून ही वाट पाडली होती. रविवर्म्याने तिचा हमरस्ता केला. हॅवेलसाहेबांच्या तराजूत हे वजन पडलेच नाही.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. समोर बसलेल्या माणसाला एकच चेहरा असतो, एकच वर्ण असतो, एका घरातले कपडे असतात. देवाला व्यक्ती केले की तो कुणासारखा तरी दिसणार आणि कुणासारखा तरी दिसणार नाही. रविवर्म्याची देवी गोरी, भरल्या अंगाची, खानदानी घरातली दिसते. एका चित्रात ही निवड चित्रकाराची. हजारो प्रती निघाल्या की तो नियम होतो. माझ्या विद्यार्थिनीने नेमके या दुखण्यावर बोट ठेवले होते. दगडाने देवी घरोघर नेली, पण तीच एक नेली.

रविवर्म्याला मात्र या धंद्याने सुख दिले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढले आणि शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. नाव तेच राहिले. धुरंधरांसारख्यांची चित्रेही मग तिथे छापली गेली, आणि अशा पुष्कळ तसबिरी आपण आजही सरसकट 'रविवर्मा' म्हणून ओळखतो. १९०६ साली रविवर्मा वारला. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत सापडला.

पूजनानंतरच्या आठवड्यात मी वर्गात कागद वाटले आणि म्हणालो, "तुम्हांला दिसते तशी सरस्वती काढा." त्या मुलीने काढलेली सरस्वती काळीसावळी आहे, केसांना तेल लावून चापून वेणी घातलेली, हातात हिरव्या बांगड्या. मी विचारले, "कोण गं ही?" ती म्हणाली, "माझ्या आईसारखी काढली." कागद निरखताना माझ्या लक्षात आले: दोन हात वीणेवर, एकात पोथी, एकात माळ, खडक आणि बाजूला मोर. चेहरा तिच्या आईचा, बैठक रविवर्म्याची! त्याच्याशी भांडायलाही तिला त्याचाच खडक लागला. मला वाटते, एखाद्या कलावंताने आपल्याला काय दिले याचा याहून खरा दाखला कुठल्या टीकालेखात मिळणार नाही; आणि त्याचे काय पुरे पडत नाही, याचाही.

तेव्हा आईला मी सांगितले, तसबीर राहू दे. नवी काच बसवू, ओल पुसू. वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुमच्याही घरी कमळावर उभी असलेली लाल साडीतली लक्ष्मी पाटावर येईल. कुंकू लावण्यापूर्वी क्षणभर तिच्याकडे नुसते चित्र म्हणून पाहा. तो चेहरा कुणी तरी निवडला होता, ते ठिपके कुणी तरी दगडावर टिपले होते. घरातली मुले शेजारी असतील तर त्यांनाही पाहू द्या, आणि त्यांनी काही विचारले तर माझ्यासारखे "देवी आहे ती" म्हणून मोकळे होऊ नका.