माँटगोमेरीचे स्मारक : स्मृती आणि उत्तरदायित्व

अमेरिकेतील अलाबामा राज्यात माँटगोमेरी येथे २०१८ साली खुले झालेले स्मारक वंशद्वेषी झुंडींच्या बळींना वाहिलेले आहे. १८७७ ते १९५० या काळात ज्या काउंट्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे असे बळी गेले, त्यांच्या नावांचे ८०० हून अधिक पोलादी स्तंभ येथे आहेत. प्रारंभी ते प्रेक्षकासमोर उभे असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकू लागतात. ही रचना परिणामकारक खरी, परंतु काहीशी नाट्यमयही. अधिक मूलगामी आहेत त्या बाहेर आडव्या मांडलेल्या प्रतिकृती. प्रत्येक काउंटीने आपला स्तंभ नेऊन स्वतःच्या भूमीवर उभारावा, ही त्यामागील अपेक्षा. जी काउंटी तो नेणार नाही, तिचे मौन तेथेच पडून राहील. मात्र स्तंभांवर नावे आहेत ती मृतांची; मारेकऱ्यांची नाहीत.