‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ : एका पंचांगाचा तंटा

चिनुआ अचेबे ह्या नायजेरियन ग्रंथकाराची ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ ही इंग्रजी कादंबरी १९६४ सालीं प्रसिद्ध झाली, व १९७४ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति ग्रंथकारानें स्वतःच सिद्ध केली. म्हणजे एकाच कर्त्याच्या हातचे दोन पाठ उपलब्ध आहेत. अवतरण घेणारानें आपला पाठ कोणता तें सांगावें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

कथा इग्बो मुलखांतील, पहिल्या महायुद्धानंतरच्या सुमाराची आहे. आबामचे लढवय्ये रात्रीं धाडी घालून माणसें गुलाम म्हणून नेत; त्यांस तोंड देण्यासाठीं सहा गांवें एक झालीं, उमुआरो म्हणवूं लागलीं, आणि त्यांनीं उलू नांवाचें नवें दैवत घडविलें. एझेउलू हा त्याचा पुजारी. याम हा आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद होय. प्रत्येक नव्या चंद्राबरोबर राखीव यामांतील एक भाजून खाणें, व ते सरत आले कीं नव्या पिकाचा सण जाहीर करणें, हा एझेउलूचा अधिकार. सणावांचून कोणी पीक काढीत नाहीं. पुजाऱ्याचें कोठार हेंच उमुआरोचें पंचांग.

विंटरबॉटम हा जिल्ह्याचा अंमलदार त्यास सनदी मुखिया करूं पाहतो. आमच्याकडील वतनदाराशीं तुलना सुचते खरी, परंतु येथें बहुधा वतन आधीं व सनद मागून. उमुआरोंत सनदेपूर्वीं मुखियाच नव्हता. (१९२९ च्या स्त्रियांच्या उठावानें ही पद्धति पुढें खिळखिळी झाली.) एझेउलू नकार देतो व महिनाभराहून अधिक काळ ओकपेरीस अटकेंत पडतो. तेवढ्यांत दोन चंद्र उगवतात, दोन याम न खातां राहतात. परत आल्यावर तो सण पुढें ढकलितो, आणि शेतांत पीक अडकून पडतें. वडीलधारे म्हणतात, राहिलेले याम खा, दोष आमच्या माथीं. तो ऐकत नाहीं. मग मिशनचा उपदेशक गुडकंट्री सांगतो कीं, याम ख्रिस्ताच्या देवळांत आणा, उलूचें भय उरणार नाहीं. आणि भुकेले लोक तिकडे वळतात.

परकी सत्तेनें घात केला, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु महिना सरकारचा. पुढचा हट्ट एझेउलूचा. जें दैवत सहा गांवांनीं गरजेपोटीं घडविलें, त्याचा नियम तींच गांवें गरजेपोटीं शिथिल करूं शकत नाहींत काय? वडीलधारे परंपरेच्या जन्मकथेला धरून बोलतात, पुजारी तिच्या अक्षराला धरून. तरी ग्रंथकार त्यास दांभिक ठरवीत नाहीं. तो स्वतःस उलूच्या धनुष्यावरील बाण मानतो. सूड आपला कीं दैवताचा, हें त्यालाहि उलगडत नाहीं. मिशनमध्यें मुलगा त्यानेंच पाठविला होता, हेंहि विसरतां कामा नये.

१९७७ सालीं चार्ल्स नोलिम ह्यांनीं ह्या कथेचें मूळ उमुचू गांवच्या इतिहासाच्या १९५३ मधील पुस्तिकेंत दाखविलें. त्यावर वादहि झाला. मूळ सांपडल्यानें कादंबरी उणी होत नाहीं. उलट अशी गांवकी पुस्तिका टाकाऊ समजणाऱ्या संग्राहकांस तें चांगलें उत्तर आहे.

गोऱ्या अंमलदारांचे आपसांतील प्रसंग मात्र, विंटरबॉटम सोडल्यास, पातळ वाटतात. हा अभिप्राय १९७४ च्या पाठावरून दिला आहे.