सापांच्या विणीची ‘तयारी’ : दोन कारणांची सरमिसळ

अमेरिका आणि युरोपात साप पाळण्याचा छंद बराच पसरला आहे. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे बिनविषारी साप तेथे पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढवले जातात. त्यांची वीण कशी घ्यावी हे सांगणाऱ्या काही मार्गदर्शक पुस्तिका अलीकडे वाचनात आल्या. त्यांतील निरीक्षणे बारकाईची आहेत. निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवेत.

कॉर्न स्नेकसाठी सांगितलेली कृती साधारण अशी : हिवाळ्याआधी मादीला भरपूर उंदीर खाऊ घालायचे. मग सुमारे दोन आठवडे उपाशी ठेवायचे. त्यानंतर दोन-तीन महिने १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे. पुन्हा ऊब द्यायची, खाऊ घालायचे आणि तिने कात टाकली की नराजवळ सोडायचे.

मधल्या उपासाचे कारण पुस्तिका बरोबर देतात. सापाच्या शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलते. थंडीत पचन जवळजवळ थांबते आणि पोटातला उंदीर कुजून साप दगावू शकतो.

खरा गोंधळ पुढे आहे. आहार आणि थंडी या दोहोंना मिळून ‘तयारी’ असे एकच नाव दिले जाते आणि अंडी मिळाली की सगळी तयारी योग्य ठरते. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील, तर परिणाम कोणत्या गोष्टीचा?

याचे उत्तर शोधायला अन्य सापांवरील संशोधन उपयोगी पडते. पश्चिम फ्रान्समधील आस्प व्हायपर या पिल्ले देणाऱ्या विषारी सापाचा झाविए बोने आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. अंगात चरबीचा पुरेसा साठा जमल्याशिवाय मादी विणीला लागत नाही, असे त्यांना आढळले. अंडपेशींत भरायच्या बलकाची प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यासाठी हा साठा खर्ची पडतो. एका विणीनंतर मादी इतकी रोडावते, की पुढची वीण बहुधा एक-दोन वर्षे लांबते.

दुसरे उदाहरण कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात आढळणाऱ्या गार्टर सापांचे. डेव्हिड क्रूझ यांच्या प्रयोगांत, वृषणे काढून टाकलेले नरही हिवाळी सुप्तावस्थेनंतर ऊब मिळताच मादीमागे लागले. म्हणजे तेथे तो इशारा थंडीनंतरच्या उबेचा होता.

थोडक्यात, पहिल्या उदाहरणात साठा ‘वीण होणार का’ हे ठरवतो, तर दुसऱ्यात तापमान ‘केव्हा’ हे ठरवते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघेल असे मानायला आधार नाही. शिवाय प्रत्येक जातीला हे दोन्ही नियम सारखेच लागू पडतील असेही नाही. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप आहे. बर्फाळ हिवाळा त्याला ठाऊकच नाही. कॉर्न स्नेकनेही थंडी न देता अंडी घातल्याचे काही पाळणारेच सांगतात. मग थंडी आवश्यक, की केवळ सोयीची?

दुसरा आक्षेप वजनाच्या आकड्यावर. बॉल पायथनची मादी १५०० ग्रॅमची झाली की विणीस योग्य, असा नियम पुष्कळदा दिलेला असतो. पण लांब, सडपातळ मादी आणि आखूड, लठ्ठ मादी या दोघींचे वजन सारखे भरू शकते. फ्रान्समधील अभ्यासात वजन लांबीच्या संदर्भात पाहिले होते, ते यासाठीच. नुसत्या आकड्यामागे लागून मादीला कोंबून खाऊ घातले, तर चरबी यकृतातही साचते. याची किंमत ती मुकी मादी मोजते. आणि पुस्तिका लिहितात ते बहुतेक यशस्वी झालेले लोक. अंडी अडून मेलेल्या माद्यांची नोंद कोण ठेवतो?

भारतातले रानातले साप पकडून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बंदी आहे, त्यामुळे हा प्रयोग शाळेत करून पाहण्याचा प्रश्नच नाही. प्रयोगाची आखणी मात्र फळ्यावर जरूर करावी. चार गट घ्या : भरपूर आहार व थंडी; भरपूर आहार, थंडी नाही; बेताचा आहार व थंडी; बेताचा आहार, थंडी नाही. प्रत्येक गटात किती माद्या हव्यात, त्यांची लांबी सारखी का असावी, अंडी न घातलेल्या आणि मेलेल्या माद्या मोजायच्या की नाही, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. नंतर पुस्तिकेतली कृती पुन्हा वाचायला द्यावी. या चार गटांपैकी तिच्यात फक्त पहिलाच आहे, हे त्यांच्या आपोआप लक्षात येईल.