उत्प्रेरकाच्या ‘अविकारी’पणाविषयी

विक्रियेचा वेग वाढवून स्वतः अविकृत राहणारा पदार्थ तो उत्प्रेरक, ही व्याख्या विद्यार्थी शाळेतच पाठ करतो. परीक्षानळीपुरती ती खपून जाते. भट्टीपुढे मात्र ती टिकत नाही.

माटुंग्याहून फारशा दूर नसलेल्या ट्रॉम्बे येथे १९६५ साली खतकारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांत नॅफ्था वा नैसर्गिक वायू यांवर वाफेची क्रिया करून हायड्रोजन मिळवितात. त्यासाठी निकेल हा उत्प्रेरक योजतात. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु केल्विन मापाने त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ५९० अंश सेल्सिअसलाच, घनावस्थेतील अणू जागा सोडू लागतात. हे तापमान टामान याच्या नावाने ओळखले जाते. नळ्यांच्या शेवटाशी तर ८०० अंशांवर उष्णता असते! तेथे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, उघडे पृष्ठफळ घटते, आणि वाफ या ऱ्हासाला हातभार लावते. कणांना अलग ठेवणारे आधारद्रव्यही निर्भय नसते. गॅमा ॲल्युमिनाचे पृष्ठफळ ग्रॅममागे शे-दोनशे चौरस मीटर असते. हजार अंशांपलीकडे तिचे अल्फा रूप झाले की ते दहाच्याही खाली येते. साचलेला कार्बन जाळून काढता येतो खरा, पण त्या जळण्याच्या उष्णतेने कण अधिकच जुळतात.

१९३३ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाला २००८ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. विभागाचे जुने इंग्रजी आद्याक्षरी नाव आता ‘यूडीकॅट’ या उत्प्रेरकमालिकेत उरले आहे. तिच्यातील काहींचा पाया सल्फेटयुक्त झिर्कोनिया हा होय. हा पदार्थ भाजल्यावाचून त्याची तीव्र आम्लता प्रकटत नाही; जास्त भाजला तर सल्फेट उडून जाते व स्फटिकांचे रूपही पालटते. घडविणारी आणि मारणारी उष्णता यांत अंतर थोडेच.

यास्तव शोधनिबंधांतील एका रूढीवर आक्षेप घेणे प्राप्त आहे. ताज्या उत्प्रेरकाने ९९ टक्के परिवर्तन झाले, एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होते. वस्तुतः पूर्ण परिवर्तनाच्या स्थितीत ऱ्हास झाकला जातो: थराचा आरंभीचा भाग निकामी झाला तरी पुढचा भाग काम उरकतो, आणि आकडा जागचा हलत नाही. तीनचार वेळा गाळून, धुऊन पुन्हा वापरल्याची नोंद हीदेखील आयुष्याची कसोटी नव्हे. परिवर्तन मुद्दाम अपुरे ठेवून, किती तास, किती अंशांवर, वाफेसह की वाफेविना चाचणी झाली आणि शेवटी पृष्ठफळ किती उरले, हे पहिल्याच तक्त्यात आले पाहिजे.