पात्र आणि पत्रक

माणसाचे गुण मोजून कागदावर मांडले, म्हणजे तो माणूस कळला असें होतें काय? हा प्रश्न कथा-नाटकांच्या टीकाकारांस नवा नाहीं. परंतु एका परदेशी खेळानें तो आतां आपल्या घरांतील मेजावर आणून ठेवला आहे.

अमेरिकेंत 1974 सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. चारपांच मंडळी मेजाभोवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो व बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून त्यास उत्तर देतात. आरंभीं प्रत्येकानें आपलें पात्र घडवावयाचें असतें. मूळच्या नियमांप्रमाणें तीन फांसे टाकून बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवरील छाप असे सहा गुण ठरत; प्रत्येकास कमींत कमी 3 आणि फार तर 18 अंक. हे अंक ज्या कागदावर उतरावयाचे, त्यास आपण पत्रक म्हणूं.

पुढें अनेकांस हा दैवाचा कारभार रुचेनासा झाला. गुण आपणच वांटून घ्यावे, पात्राचें बालपण, त्याचें दुःख, त्याचीं वैरें यांची बखर आधींच लिहून आणावी, अशी चाल पडली. आमचा आक्षेप येथें आहे. सगळेंच आधीं ठरलें, तर प्रसंगास करावयाला उरतें काय? अशा बखरींतील पात्र बहुधा खेळाडूच्या स्वतःविषयींच्या गोड समजुतीचें चित्र असतें. त्यास कोणी प्रश्न विचारलेला खपत नाहीं.

याचा पडताळा पाहण्यास अमेरिकेस जावयाचें कारण नाहीं. आमच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत गांवोगांवच्या जत्रांतून तमाशा रंगतो. त्यांतील गौळणींची मावशी आठवा. डोक्यावर पदर घेतलेला हा पुरुष. मावशीचें माहेर कोणतें, वय काय, हें कोणी पुसत नाहीं. पेंद्या वाट अडवितो, कृष्ण दाण मागतो, आणि त्यांस ती जीं उत्तरें देते त्यांतून ती उभी राहते. वगांतही पूर्वीं संवाद लिहिलेले नसत; कथेचा सांगाडा ठाऊक, बोलणें मात्र उभ्या उभ्या सुचावयाचें. म्हणून सोंगाड्याचा पहिला गुण म्हणजे समोरच्याचें ऐकणें, बोलणें त्यानंतर.

मग पत्रक नकोच काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. मावशीलाही तिचा पदर आहे, ठरलेली वाट आहे. नदीस पात्र लागतेंच. कांठ नसते तर प्रवरेचें पाणी रानोमाळ पसरलें असतें. परंतु पात्र म्हणजे प्रवरा नव्हे.

पत्रकाचें खरें वैगुण्य निराळें आहे. कागदावर गुण शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात. भांडतात ते प्रसंगांत. शाहू मोडक यांचें उदाहरण घ्या. हे 1918 सालीं नगर येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले, आणि बोलपटांतून इतक्या वेळां कृष्ण झाले कीं प्रेक्षकांनीं त्यांच्या चेहऱ्यासच एक कायमचें पत्रक चिकटविलें. परंतु ‘प्रभात’च्या ‘माणूस’मध्यें (1939) त्यांनीं गणपत हा पोलीस शिपाई उभा केला. गणपतचें पत्रक सोपें आहे: कर्तव्यदक्ष, दयाळू. मैना भेटेपर्यंत या दोन गुणांत तंटा नाहीं. शांता हुबळीकरांची ही मैना वेश्या आहे. पोलिसांच्या छाप्यांतून तो तिला वांचवितो, आणि पुढें आपल्या आईपुढें घेऊन जातो. आतां शिपाईपण आणि माणूसपण एकाच वेळीं राखतां येत नाहीं. दोन्ही गुण खरे, आणि दोहोंपैकीं एकाला उणें करावेंच लागतें. गणपत नांवाचा माणूस तेथें आपल्या दृष्टीस पडतो. तोंवर आपण केवळ गणवेष पाहत होतों.

संगमनेरच्या अनंत फंदीची (1744–1819) आख्यायिकाही हेंच सांगते. अहिल्याबाई होळकरांनीं कानउघाडणी केली आणि या नामांकित तमासगिरानें तमाशा सोडून कीर्तन धरलें, असें म्हणतात. सोंग पालटलें, लोकांपुढें उभें राहून रोखठोक बोलावें हा स्वभाव टिकला, याची साक्ष त्याचा फटका देतो. फंदीनें ही कलाटणी आधीं योजली नव्हती; दुसऱ्याच्या एका शब्दास त्याला उत्तर द्यावें लागलें.

मुलें परक्या पात्रांत हरवतील, अशी भीति कांहीं वडीलधाऱ्यांस वाटते. आम्हांस उलट वाटतें. परक्या पात्रांत शिरणाऱ्यास निदान दुसऱ्याचें ऐकावें लागतें. भय आहे तें स्वतःच्याच पत्रकांत हरवण्याचें. आणि या बाबतींत मोठ्यांनीं मुलांस हंसूं नये. लग्न जमवितांना आपणही टिपणें धाडतों: उंची, शिक्षण, पगार, ‘स्वभाव मनमिळाऊ’. त्या मनमिळाऊपणाची किंमत कळते ती पुढें, घरांत आजारपण आलें आणि त्याच आठवड्यांत बदलीचा हुकूमही आला, म्हणजे.