चाल कुणाची, आवाज कुणाचा

माणसाचं चित्र काढताना चेहरा जमला की निम्मं काम होतं. जनावराचं तसं नाही. चेहरा कितीही हुबेहूब काढा, ते उठून चार पावलं टाकेपर्यंत त्यात जीव आला की नाही ते कळत नाही. मांजर चालते तेव्हा तिचे खवाटे आळीपाळीने पाठीच्या रेषेवर येतात, डोकं मात्र एका पातळीत राहतं, आणि मागचा पंजा पुढच्या पंजाने मोकळ्या केलेल्या जागीच पडतो. हे ज्याच्या हातात बसलं त्याने मांजर काढली. बाकीच्यांनी मिशा काढल्या.

जनावरांच्या चित्रांचं आणि चित्रपटांचं वेड मला लहानपणापासून आहे. वय वाढलं तसं ते ओसरलं नाही, फक्त चिकित्सक झालं. हल्ली असा एखादा सिनेमा बघून बाहेर पडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: याचे संवाद काढून घेतले असते तर हा प्राणी उरला असता का? गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बहुतेक बड्या चित्रपटांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच येतं.

सुरुवात अशी नव्हती. १९१४ साली विन्सर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराने गर्टी नावाची डायनोसॉर रंगमंचावर आणली. पडद्यावर गर्टी आणि पडद्याशेजारी हातात चाबूक घेतलेला मॅके. तो हुकूम सोडी, ती कधी ऐके, कधी हट्ट करी आणि रागावलं की मुळूमुळू रडे. चित्रं हजारो, आणि प्रत्येक कागदावर मागच्या डोंगरासकट सगळं पुन्हा काढलेलं. गर्टीचं पोट श्वासागणिक किती वेळात फुगावं हे ठरवायला मॅकेने स्वतःचा श्वास मोजला होता. ती उभी राहते तिथली जमीन तिच्या भाराने दबते. डायनोसॉरला चालताना पाहिलेला माणूस पृथ्वीवर नाही, तरी गर्टी खोटी वाटत नाही, कारण तिचं वजन खरं आहे. मूकपटाचा काळ असल्यामुळे तिला बोलायची सोयच नव्हती, हे तिचं भाग्य म्हणायचं.

पुढे उंदीर, बदकं, सशांची फौज आली. १९२८ साली आलेला मिकी हा उंदीर कमी आणि वर्तुळांची जुळणी जास्त. माझा त्याच्यावर राग नाही, पण तो हातमोजे घातलेला माणूस आहे. कान तेवढे उंदराचे.

खरी कसोटी लागली ती १९४२ च्या 'बॅम्बी'त. हरीण हे ॲनिमेटरच्या दृष्टीने फार अडचणीचं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, तोंड इवलंसं, भुवया नाहीतच. हसवायचं कसं आणि रडवायचं कसं? डिस्नेने स्टुडिओत दोन जिवंत पाडसं आणून ठेवली. रिको लेब्रन नावाच्या चित्रकाराला शरीररचना शिकवायला बोलावलं, आणि त्याने मेलेलं पाडस आणून कातडी, स्नायू, हाडं असे एकेक थर उलगडून दाखवले. वास असह्य झाला तरी मास्तरांचं शिकवणं थांबेना, असं त्या वर्गाबद्दल सांगतात. चेहऱ्याचा प्रश्न मार्क डेव्हिसने सोडवला. त्याने तान्ह्या बाळांचे हावभाव अभ्यासले आणि ते हरणाच्या मुखवट्यात बसवले. म्हणजे बॅम्बीचा चेहरा मुलाचा आणि शरीर हरणाचं. ही तडजोड आहे, पण प्रामाणिक आहे. बर्फावर पाय फाकून पडण्याच्या प्रसंगात हसू येतं ते संवादामुळे नव्हे. हरणाचे चार लांब पाय नेमके कुठल्या सांध्यात वाकतात हे काढणाऱ्या फ्रँक थॉमसला ठाऊक होतं, म्हणून ते पाय चार दिशांना जाताना आपण पोट धरून हसतो.

'जंगल बुक' (१९६७) मध्ये आवाजाने सूत्रं हाती घेतली. गोष्ट आपल्या सिवनीच्या जंगलातली, आणि त्यात भारतात कुठेही न सापडणारा ओरांगउटान राजा म्हणून बसवलेला! पण ते सोडून देऊ. बल्लू अस्वल घडलं ते फिल हॅरिस या गायक-नटाच्या ढंगावरून. ते मस्तच आहे, पण ते अस्वल नव्हे, मैफलीतला खुशालचेंडू आहे. त्याच चित्रपटात शेरखान येतो तेव्हा मात्र पडद्याचं हवामान बदलतं. आवाज जॉर्ज सँडर्सचा, थंड, खानदानी. पण ॲनिमेटर मिल्ट काहलने त्या आवाजाला वाघाच्या अंगात उतरवलं. शेरखान घाई करत नाही. वळतो तेव्हा आधी डोकं वळतं, मग खांदे, मग ते लांबलचक धड सावकाश मागून येतं. आवाज बंद करून हा प्रसंग बघा. वाघाचा माज तसाच राहतो.

इथे माझ्या म्हणण्याला छेद देणारा एक पुरावा आहे आणि तो लपवून चालणार नाही. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर आलेली 'जंगल बुक' ही जपानी मालिका. टीव्हीचं बजेट, त्यामुळे हालचाल जेमतेम. पुष्कळ दृश्यांत नुसतं तोंड उघडतं आणि मिटतं. तरी त्या पिढीला शेरखान आठवतो, आणि तो नाना पाटेकरांच्या आवाजात आठवतो. ती धुमसती, तुटक लय कानावर पडली की चित्रात नसलेला वाघ आपण स्वतःच पूर्ण करायचो. २०१६ च्या हॉलीवूडपटाच्या हिंदी आवृत्तीसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं, यात काय ते आलं. तेव्हा आवाज प्राण्याला मारतोच असं नाही. पण तो नानांसारखा हवा, वाघाच्या छातीतून येणारा. तारीख मिळाली म्हणून कुणी ताऱ्याने दोन दिवसांत उरकलेलं डबिंग हे वेगळं प्रकरण.

दुसरी वाट केसांची. २००१ च्या 'मॉन्स्टर्स इंक.'मधल्या सलीच्या अंगावर सुमारे २३ लाख केस संगणकाने हलवले, आणि तेव्हापासून फरची शर्यत सुरू झाली. ती पोचली २०१९ च्या 'लायन किंग'पर्यंत. १९९४ च्या हस्तचित्रित मूळपटात अँड्रियास डेजाने काढलेला स्कार एक भुवई उचलून अख्खा दरबार तोलतो. त्याला आवाज देणाऱ्या जेरेमी आयर्न्सच्या चेहऱ्यातला तिरकसपणा सिंहाच्या जबड्यात आलेला स्पष्ट दिसतो. २०१९ मध्ये तीच कथा खऱ्याखुऱ्या भासणाऱ्या सिंहांना दिली. खरा सिंह भुवई उचलत नाही, म्हणून यांनीही नाही उचलली. पण खरा सिंह गाणीही म्हणत नाही, ती मात्र म्हणायला लावली! बाप मेल्यावर बछड्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही आणि पार्श्वसंगीत आपल्यासाठी रडतं. निसर्गपटावर कुणी भलताच साउंडट्रॅक चढवावा असं ते दिसतं. चित्रपटाने १६० कोटी डॉलरहून जास्त धंदा केला, त्यामुळे माझी तक्रार कुणी मनावर घेण्याचं कारण नाही.

या वाटेवरचा सर्वांत चांगला प्राणी 'लाइफ ऑफ पाय' (२०१२) मधला रिचर्ड पार्कर, आणि तो एक अक्षर बोलत नाही. खऱ्या वाघाचं चित्रण शेजारी ठेवून ॲनिमेटरांनी त्याची प्रत्येक हालचाल पारखली. भूक लागलेला, समुद्र लागलेला, वाळलेला वाघ. होडीत बसताना त्याची कातडी हाडांवर कशी सैल पडते ते पाहावं. हे काम करणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज'च्या मुंबई आणि हैदराबादच्या स्टुडिओंतल्या हातांचाही त्यात वाटा होता. २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात ऑस्कर घेतलं. 'लायन किंग'चे सिंह घडवणारी 'एमपीसी' २०२५ च्या फेब्रुवारीत मूळ कंपनीबरोबर बुडाली, आणि तिच्या भारतातल्या कामगारांनाही रातोरात घरी बसावं लागलं. हुबेहूब जनावर बनवणं हा मजुरीचा धंदा झाला आहे: केस मोजायचे, ओले करायचे, वाऱ्यावर उडवायचे. या प्राण्याने काय करावं, हे ठरवणारे लोक दुसऱ्या खंडात बसतात.

हुबेहूबपणाचा हट्ट सोडला की काय साधतं ते जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाताने १९९४ मध्येच दाखवलं होतं. 'पोम पोको'मध्ये तोक्योजवळच्या टेकड्यांवर नवं उपनगर उभं राहतंय आणि तिथले तानुकी, म्हणजे रॅकूनसारखे दिसणारे, कुत्र्याच्या कुळातले प्राणी, बिल्डरांशी झुंजतात. माणसं बघत असली की ते चार पायांवरचे अगदी खरे तानुकी. आपसात असले की दोन पायांवर, कपडे घातलेले. आणि आनंदाने किंवा हरल्याच्या दुःखाने भान हरपलं की जुन्या व्यंगचित्रातले साधे गोल पुतळे. एकाच दृश्यात, एकाच प्राण्याची रेषा अशी बदलते. कोण बघतंय यावर प्राणी कसा दिसेल ते ठरतं, हा विचार चित्राच्या शैलीतून मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. वेस अँडरसनच्या 'फँटास्टिक मिस्टर फॉक्स' (२००९) मध्ये बाहुल्यांच्या अंगावरची फर सतत थरथरते, कारण दर फ्रेमला ॲनिमेटरची बोटं तिला लागलेली असतात. संगणकाने हा 'दोष' चुटकीसरशी काढला असता. अँडरसनने मुद्दाम राहू दिला. त्या थरथरीमुळे तो कोल्हा कोट घालून गप्पा मारत असतानाही आतून रानटी राहतो. आणि बोलक्या प्राण्यांच्या बाजूने 'झूटोपिया' (२०१६) चं नाव घ्यायलाच हवं. तिथे उंदीर उंदराएवढा आणि जिराफ जिराफाएवढाच आहे. शहराची दारं, गाड्या, रस्ते सगळे त्या मापांतून आलेत. तिथे शरीरच कथानक घडवतं.

मग आला लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा 'फ्लो' (२०२४). महापूर, एक होडी. तीत एक काळी मांजर, एक कॅपिबारा, एक लेमूर, एक लॅब्राडोर आणि एक सेक्रेटरी पक्षी. माणूस नाही, संवाद नाही. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला हा चित्रपट ऑस्करमध्ये बड्या स्टुडिओंच्या पुढे गेला. फर मोजायला जाल तर निराश व्हाल. केस वेगळे दिसतच नाहीत, ब्रशने रंग ओढल्यासारखं अंग. पण मांजर पाण्यात पडते तेव्हा आधी पाठ कमानदार होते, कान मागे जातात, आणि किनाऱ्याला आल्यावर पंजा झटकण्याचा तो वैतागलेला झटका येतो. मांजर पाळलेल्या माणसाला तिथे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. आवाजही खऱ्या जनावरांचेच आहेत. फक्त कॅपिबाराचा मूळ आवाज फारच किनरा निघाला, म्हणून उंटाच्या पिल्लाचा वापरला. ही लबाडी मला मंजूर आहे. माझी कुरकूर एवढीच की उत्तरार्धात हे प्राणी होडी हाकण्यात फारच तरबेज होतात. पण हा एकच चित्रपट पुढची वाट दाखवतो हे मान्य करायला हवं.

आपल्याकडचा हिशोब जरा निराळा. आपल्या कथाकारांनी प्राण्यांना फार आधीपासून बोलतं केलं. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे आहेत हे विसरलं तरी काही बिघडत नाही. ते दरबारी मुत्सद्दी आहेत. त्याच भूमीत चित्रकार आणि शिल्पकार मात्र बघत बसले होते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरली आहेत, चौघांत मिळून डोकं एकच. कुठल्याही एका धडावर नजर ठेवा, डोकं त्याचंच असल्याची खात्री पटते. नजर दुसऱ्या धडावर नेली की डोकं त्याचं होतं आणि मान वळल्याचा भास होतो. बघणाऱ्याच्या डोळ्याकडून हालचाल करवून घेणं, म्हणजे ॲनिमेशनच की.

हा धागा एकदा जुळलाही होता. 'बॅम्बी'वर काम केलेला क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला आणि १९५७ साली तिथे 'द बनियन डिअर' झाला. जातककथेतलं हरीण, अजिंठ्याच्या वळणाची रेषा आणि डिस्नेची हालचाल. ॲनिमेटर राम मोहन याच वर्गात तयार झाले. पण पुढे या संस्थेच्या वाट्याला आले ते संदेश द्यायचे लघुपट, आणि प्राणी पुन्हा शिकवायला लागला. १९७४ च्या 'एक अनेक और एकता'मधल्या चिमण्या गोड आहेतच, पण त्या नागरिकशास्त्राच्या चिमण्या आहेत. अपवाद गीतांजली राव यांच्या 'प्रिंटेड रेनबो'चा (२००६): एक एकटी वृद्ध स्त्री, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरची चित्रं, सगळं हाताने रंगवलेलं, संवादाविना. कान महोत्सवात तो गौरवला गेला. आपल्या चित्रपटगृहांपर्यंत असल्या फिल्मा येत नाहीत, हा रडगाण्याचा विषय निराळा.

चित्रपटगृहात आला तो 'दिल्ली सफारी' (२०१२). पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने घडवला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. विषय तर आपला अगदी दारातला: बोरिवलीचं जंगल, बिल्डर, बापाविना झालेलं बिबट्याचं बछडं. 'पोम पोको'चीच तक्रार. पण इथे माकड म्हणजे गोविंदा, अस्वल म्हणजे बोमन इराणी, आणि सगळे सदानकदा बोलत असतात. बिबट्या दबा धरतो, वाट बघतो, दिसेनासा होतो, यातलं काहीही करायला त्याला फुरसत मिळत नाही. त्यातल्या मादी बिबट्याचा आवाज ऊर्मिला मातोंडकरचा. दोनच वर्षांनी तीच 'आजोबा' या मराठी चित्रपटात बिबट्याचा माग काढणारी संशोधक झाली, आणि ती गोष्ट खरी होती. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क बिबट्याला संशोधक विद्या अत्रेय यांच्या गटाने कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालला. कसारा स्टेशन ओलांडलं, महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहला आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे आला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही.

या चालण्याचा ॲनिमेशनपट अजून कुणी केलेला नाही. 'फ्लो'च्या खर्चात होईल, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि बिबट्याचा केस न् केस रंगवू शकणारी माणसं याच शहरात काम शोधत फिरताहेत. अडेल ते निर्मात्याच्या केबिनमध्ये. तिथला पहिला प्रश्न ठरलेला आहे: आवाज कुणाचा घेताय?