टेबल मांडलंय, पण वाढणार कोण?

आँरी ल सिदानेर हे नाव मोने किंवा रेन्वारसारखं आपल्या कानावर आलेलं नसतं. १८६२ साली मॉरिशसमधल्या पोर्ट लुईत जन्मलेला, लहानपणीच फ्रान्सला आलेला आणि १९३९ साली वारलेला हा चित्रकार. पण त्याची चित्रं पहिल्यांदा बघतानाही ओळखीची वाटतात. बागेत एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर पांढरा टेबलक्लॉथ, चहाचे कप, फळं, कधी एखादी बाटली. मागे भिंतीवर चढलेले गुलाब, संध्याकाळ असेल तर खिडकीत दिवा. आणि माणूस एकही नाही. सुरुवातीच्या काळात तो माणसं काढायचा. पुढे ती हळूहळू त्याच्या चित्रांतून निघून गेली आणि टेबलं राहिली.

आता फोनवर पिंटरेस्ट उघडा आणि बागेतल्या पार्टीचं टेबल शोधा. तागाच्या कापडाचा रनर, मधोमध पांढरी-गुलाबी फुलं, काचेच्या हंडीत मेणबत्त्या, दुमडलेल्या नॅपकिनवर रोझमेरीची काडी, वर झाडांना गुंडाळलेल्या लाइटच्या माळा. माणूस इथेही नाही. इंग्रजीत याला 'टेबलस्केप' असा शब्दच आहे, लँडस्केपच्या चालीवर. पुण्या-मुंबईत हल्ली फार्महाऊसवरच्या हळदीला, बेबी शॉवरला, कंपनीच्या ऑफसाइटला हेच टेबल दिसतं. रोझमेरीच्या जागी फार तर झेंडू येतो. मग ल सिदानेर हा या सगळ्याचा खापरपणजोबा म्हणायचा का? म्हणायचा मोह होतो खरा. १९०४ साली त्यानं जेर्बरवा नावाच्या छोट्या गावात घर विकत घेतलं आणि तिथं एक बाग पांढऱ्या फुलांची, एक पिवळ्या-निळ्याची, एक गुलाबांची अशा रंगांनुसार बागा लावल्या. टेबलं त्याच बागांमध्ये मांडली आणि रंगवली. आधी सेट उभारायचा आणि मग फ्रेम लावायची, हे त्यानं आपल्या शंभर वर्षं आधी केलं.

तरीही त्याचं टेबल आणि फीडमधलं टेबल यांत फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पण त्याच्याकडे मोनेवरून वळसा घेऊन जावं लागेल.

मोनेचं 'दुपारचं जेवण' हे चित्र साधारण १८७३चं. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर उंच, दोन मीटर रुंद, म्हणजे आपल्या फोनवर ते बघणं हा त्याच्यावर तसा अन्यायच. १८७६च्या इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात त्यानं ते 'सजावटीचं पॅनल' म्हणून लावलं होतं. ठिकाण आहे आर्जांतईमधल्या त्याच्या घराची बाग. जेवण होऊन गेलेलं आहे. टेबल अजून आवरलेलं नाही. कॉफीचं भांडं, कप, उरलेली फळं, पाव तसेच पडलेत. बाकावर कुणाची तरी छत्री आणि पिशवी राहिली आहे. झाडाच्या फांदीला बाईची हॅट अडकवलेली आहे. टेबलाशेजारी सावलीत मोनेचा मुलगा जाँ लाकडाच्या तुकड्यांशी खेळत बसलाय, त्याचं कुणाकडेही लक्ष नाही. मागे दोन बायका फिरतायत.

आजच्या एखाद्या टेबल-स्टायलिस्टला हे चित्र दाखवलं तर ती पहिल्यांदा हॅट काढेल, मग पिशवी उचलेल, मुलाला आत पाठवेल आणि कप धुवायला टाकेल. म्हणजे चित्र संपलं. कारण त्या दुपारी काय झालं ते आपल्याला या टाकून दिलेल्या वस्तूच सांगतात. ऊन वाढलं म्हणून कुणी तरी हॅट काढली नाही, उलट झाडाची सावली बरी वाटली म्हणून काढली. मुलगा मोठ्यांच्या गप्पांना कंटाळला. बाकावर पिशवी विसरण्याइतकं कुणी तरी निवांत होतं.

इथे उजेडाबद्दल थोडं बोलायलाच हवं. (इंजिनिअर आहे, समजून घ्या.) झाडाखाली उन्हाचे जे ठिपके पडतात ते बहुतेक गोल असतात, पण पानांमधल्या फटी काही गोल नसतात. प्रत्येक फट पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करते, आणि जमिनीवरचा प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके कोरीसारखे होतात. आणि सावलीत ठेवलेलं पांढरं कापड पांढरं नसतंच. तिथं थेट ऊन पोचत नाही, वरच्या आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून ते निळसर दिसायला हवं. आपला मेंदू ते दुरुस्त करून आपल्याला 'पांढरं' असं सांगतो. मोने आणि त्याच्या मित्रांनी ही दुरुस्ती नाकारली आणि निळ्या-जांभळ्या सावल्या रंगवल्या, तेव्हा लोक त्यांना हसले होते.

आपल्या फोनमधला ऑटो व्हाइट बॅलन्स नेमकी तीच दुरुस्ती पुन्हा करतो. सावलीतला निळा त्याला चूक वाटतो, तो काढून टाकतो. मग एचडीआर सावली उजळवतं, ऊन दाबतं. त्यावर आपण एखादा उबदार प्रीसेट लावतो. नाशिकची दुपार, लोणावळ्याची सकाळ आणि टस्कनीची संध्याकाळ एकाच मधाच्या रंगाची दिसायला लागते. या कोडवर हुशार माणसं काम करतात आणि ती आपलं काम चोख करतात. पण बाहेर जेवायला बसण्याचं कारण जर तो विशिष्ट वेळचा उजेड असेल, तर फोटोतून पहिल्यांदा जातो तो तोच.

उजेडापेक्षा मला जास्त छळणारा प्रश्न फुलांचा आहे. फुलं टेबलाच्या मधोमध का असतात? जेवण सगळ्यांच्या हाताला लागावं म्हणून मधली जागा खरं तर त्याला द्यायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या श्रीमंत घरांत 'फ्रेंच पद्धत' होती. एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे आणि ज्याच्या हाताशी जे येईल ते त्यानं घ्यायचं. शोभेच्या वस्तू तेव्हाही असत, पण त्यांना पदार्थांच्या गर्दीत जागा शोधावी लागे. मग 'रशियन पद्धत' आली. १८१०च्या आसपास पॅरिसमध्ये असलेला रशियन राजदूत प्रिन्स अलेक्झांडर कुराकिन याला तिचं श्रेय सहसा दिलं जातं. या पद्धतीत मांस आतच कापायचं, पदार्थ एकामागून एक आणायचे, आणि नोकरानं प्रत्येकाजवळ जाऊन वाढायचं. शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत सगळीकडे रुळली आणि टेबलाचा मधला भाग रिकामा झाला. तिथं फुलं आली, फळांचे मनोरे आले, झुंबरासारखे मेणबत्तीदान आले.

म्हणजे मधली फुलं ही या घरात वाढायला माणसं आहेत याची पावती होती. आपण ती पावती तेवढी उचलली आहे. वाढणारी माणसं फोटोत नाहीत, बऱ्याचदा घरातही नाहीत, आणि पावभाजीचं पातेलं ठेवायला जागाही नाही. बागेतल्या जेवणाचे कितीही फोटो बघा, पदार्थ कुठून येणार आणि उष्टं कुठे जाणार ते कळत नाही. मार्था स्टुअर्टच्या १९८२च्या 'एंटरटेनिंग' या पुस्तकानं अमेरिकेत या प्रकाराला मोठा बाजार मिळवून दिला. तिथं निदान रेसिपी होत्या, किती जणांना किती लागतं याचा हिशेब होता. फीडमध्ये हिशेबही गेला.

याबाबतीत कॅथरिन मॅन्सफील्ड या न्यूझीलंडच्या लेखिकेची १९२२ सालच्या संग्रहातली 'द गार्डन पार्टी' ही कथा वाचायलाच हवी. फोनवर अर्ध्या-पाऊण तासात होते. त्यात सँडविचेस आहेत, कुठलं कशाचं ते सांगणारे छोटे झेंडे आहेत, कुंड्याच्या कुंड्या भरून आलेली कर्दळीची गुलाबी फुलं आहेत. आणि मांडव घालायला आलेले मजूरही आहेत. त्यातला एक जण लव्हेंडरची काडी चुरगाळून तिचा वास घेतो, आणि घरातली मुलगी लॉरा ते बघून चकित होते. तेवढ्यात टेकडीखालच्या वस्तीतला एक गाडीवान अपघातात मेल्याची बातमी येते. पार्टी थांबत नाही. संध्याकाळी उरलेलं खाणं टोपलीत भरून लॉराच्या हाती त्या घरी पाठवलं जातं. मॅन्सफील्ड कुणालाही झोडपत नाही, ती फक्त टोपलीतल्या सँडविचेसबरोबर आपल्याला त्या गल्लीत चालायला लावते. सुंदर टेबलाबद्दल इतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही, आणि गंमत म्हणजे कथेतली बाग खरोखर सुंदर आहे. लेखिकेला ती आवडते हे लपत नाही.

आपल्याकडे 'ही सगळी पाश्चात्त्य थेरं, आपली पंगत बघा' असं म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपवर असतात. पंगत बघूच. केळीचं पान, टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, भोवती रांगोळीची महिरप. वर मीठ, लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, मधे भात. हे डिझाइन म्हणून फार चांगलं आहे. उजव्या हातानं जेवायचं, तेव्हा जे भरपूर खायचं ते उजवीकडे आणि जे चवीपुरतं ते डावीकडे. न विचारता कळावं असं. आणि पंगतीत सगळ्यात मोठी मोकळी जागा कुणाची? दोन ओळींच्या मधली, वाढप्याची. तो वाकून येतो, आग्रह करतो, त्याच्या हातातलं पातेलं दिसतं. रशियन पद्धतीतला नोकर भिंतीशी अदृश्य उभा राहायचा, आपला वाढपी 'अजून एक जिलबी' म्हणून ओरडतो. कार्तिकातल्या आवळीभोजनात हीच पंगत झाडाखाली बसते.

पण काकांना एवढ्यावर सोडता येत नाही. त्या पंगतीत कुणी कुणाशेजारी बसायचं यावर जातीचा कडक पहारा होता. आणि घरातल्या बायका शेवटच्या पंगतीला, तळाशी गेलेल्या आमटीवर बसत. कित्येक घरांत अजूनही बसतात. महिरप काढणारा हात आणि त्या महिरपीत जेवणारा हात सहसा वेगळे होते. तेव्हा आपली पावती वेगळ्या अक्षरात लिहिलेली असली, तरी पावती होतीच.

आता ल सिदानेरकडे परत. त्याची बाजू घेणं सोपं नाही. प्रूस्तच्या महाकादंबरीत एक वकील त्याच्या चित्रांचा संग्राहक म्हणून येतो, आणि त्या उल्लेखात बारीक चिमटा आहे. चिमटा रास्त आहे. दहा चित्रं सलग बघितली तर तोंड गोड-गोड होतं. पुन्हा गुलाब, पुन्हा दिवा, पुन्हा तोच मऊ, ठिपक्याठिपक्यांचा उजेड. पण त्याच्या खुर्च्या बघा. त्या टेबलाशी काटकोनात नसतात. एखादी मागे सरकवलेली असते, कुणी तरी उठून गेल्यासारखी किंवा आता कुणी येऊन बसणार असल्यासारखी. खिडकीतला दिवा लागलेला आहे, म्हणजे कुणी तरी तो लावलाय. माणूस नसला तरी माणसाची जागा राखलेली आहे. फीडमधल्या टेबलावर खुर्च्या सारख्या अंतरावर, ताटं सारख्या अंतरावर, आणि फुलं इतकी उंच की समोरच्याचा चेहरा दिसू नये. (जुना नियम असा की कोपर टेबलावर टेकवून मूठ वर धरा, फुलं मुठीच्या खालीच राहिली पाहिजेत. फोटोत हा नियम पाळायची गरजच पडत नाही, समोर कुणी नसतंच.)

मोने आणि ल सिदानेर यांच्यात निवडायचं तर मी मोने घेईन, कारण त्याला खरकट्या कपाची लाज वाटत नाही. पण मोनेही ते टेबल आवरणारी व्यक्ती दाखवत नाही. मागच्या दोन बायकांच्या कपड्यांवरून त्या कप विसळायला येतील असं वाटत नाही. ती व्यक्ती अजून घरात आहे, कदाचित खिडकीतून बघते आहे की ही मंडळी उठली का.

गेल्या डिसेंबरात एका मैत्रिणीनं कोथरूडमधल्या तिच्या गच्चीवर वाढदिवस केला. टेबल फार देखणं मांडलं होतं, रनर, निशिगंध, काचेत मेणबत्त्या, सगळं. आठपर्यंत सगळ्यांनी फोटो काढले. वारा सुटल्यावर मेणबत्त्या विझल्या, रनर उडायला लागला तेव्हा कुणी तरी त्याच्या टोकांना घरातले बत्ते ठेवले. साडेनऊला तिची आई आणि भाऊ मसालेभाताचं मोठं पातेलं दोन बाजूंनी धरून जिन्यानं वर आले आणि ते कुठे ठेवायचं म्हणून थांबले. मैत्रिणीनं निशिगंधाची बरणी उचलून पाण्याच्या टाकीवर ठेवली, पातेलं मधोमध आलं, आणि तिनं आईला खांद्याला धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं. त्या पातेल्याचा फोटो कुणाकडेच नाही.